बॅटरी बदलू की फोनच बदलू? रोजचा प्रवास घोडबंदर ते रबाळे

घोडबंदर_रबाळे

मंडळी, एक सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहितोय कारण दुकानात गेलं की कोणी नीट ऐकूनच घेत नाही, फोन हातात घेतात, मागे वळवून बघतात आणि म्हणतात जुना झालाय.

फोन तीनेक वर्षांचा आहे, अँड्रॉइड, मधल्या किमतीतला. स्क्रीनवर ओरखडा नाही, कॅमेरा मस्त आहे, स्टोरेज अजून भरपूर रिकामं आहे, हँग वगैरे अजिबात होत नाही, फक्त बॅटरी टिकत नाही. सकाळी कासारवडवलीहून निघताना शंभर टक्के असते, टीएमटीच्या बसने ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स हार्बरच्या लोकलने रबाळे, ऑफिसात पोचेपर्यंत सत्तरच्या खाली आलेली असते, आणि मी काही गेम खेळत नाही, गाणी ऐकतो आणि थोडं व्हॉट्सअॅप बघतो बस्स. संध्याकाळी परत येताना खरी गंमत जाते सगळी. माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये बस उभी असते, फोनवर पंधरा टक्के दिसत असतात, घरी फोन करावा म्हणून नंबर लावतो आणि फोन बंद. पंधराचे दहा, दहाचे पाच असं नाही, पंधरावरून थेट काळा स्क्रीन. घरी चार्जरला लावला की परत चालू होतो आणि बारा-तेरा टक्के दाखवतो, म्हणजे चार्ज होता ना आत?

माझा रेल्वेचा पास मोबाईलवर आहे. फोन बंद पडला आणि टीसीने विचारलं तर दाखवायला काही नाही, आणि दाखवता आला नाही तर ते विनातिकीटच धरतात. यूपीआय फोनवर, ऑफिसची हजेरी फोनवर, लॅपटॉपला लॉगिन करायचा कोड पण फोनवरच येतो. त्यामुळे हे नुसतं गैरसोय म्हणून सोडून देण्यासारखं राहिलेलं नाही.

स्टेशनजवळच्या एका दुकानात विचारलं तर म्हणाला बॅटरीत पैसे घालू नका, एक्स्चेंज करा, इएमआयवर नवा घ्या. ऑफिसातले पण तेच म्हणतात, तीन वर्षं वापरला ना, वसूल झाला. मला ते पटत नाही. चालता फोन फक्त बॅटरीसाठी का टाकायचा? दुरुस्तीला दोन-अडीच हजार आणि नव्याला पंचवीस हजार, हा हिशोब मला तरी सरळ दिसतोय, पण मला त्यातलं तांत्रिक कळत नाही, म्हणून विचारतोय. हा प्रॉब्लेम नक्की बॅटरीचाच आहे हे कसं ओळखायचं, बॅटरी बदलून फोन पहिल्यासारखा होतो का, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्यावा की बाहेर चालेल?

---

काउंटरवाला_नौपाडा

दादा, तुम्ही जे लिहिलंय ना, पंधरावरून थेट बंद आणि चार्जरला लावल्यावर परत बारा-तेरा, ते म्हातारी झालेल्या बॅटरीचं पक्कं लक्षण आहे. मी बरीच वर्षं रिपेअरिंगच्या काउंटरला आहे, असे फोन रोज येतात.

होतं काय, बॅटरी जुनी झाली की दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे तिच्यात कमी चार्ज मावतो, हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. आतला रेझिस्टन्स वाढतो. म्हणजे चार्ज आत असतो पण फोनने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज धपकन खाली येतं, आणि एका मर्यादेखाली व्होल्टेज गेलं की फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. कॉल लावताना, कॅमेरा उघडताना, नेटवर्क कमजोर असताना करंट जास्त लागतो. म्हणून तुमचा फोन बरोबर कॉल लावतानाच जातो. चार्जरला लावला की बाहेरून करंट मिळतो म्हणून तो परत उठतो आणि उरलेले टक्के दाखवतो. टक्के खोटे नसतात, पण ते बाहेर काढायची ताकद राहिलेली नसते.

हीच ती गोष्ट जिच्यावरून २०१७ च्या डिसेंबरमध्ये अॅपलचा मोठा गाजावाजा झाला होता. जुन्या बॅटरीचे आयफोन असे अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांनी अपडेटमधून प्रोसेसरचा वेग कमी केला होता, आणि लोकांना ते नीट सांगितलं नव्हतं. मग माफी मागावी लागली आणि २०१८ वर्षभर बॅटरी बदलायचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. तेव्हा कितीतरी लोकांनी नवा फोन घ्यायचा बेत रद्द करून बॅटरी बदलली आणि फोन परत सुसाट चालायला लागले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आता तीन वर्षांत बॅटरी का जाते, तर लिथियम आयन बॅटरीचं आयुष्य सायकलमध्ये मोजतात. शंभर टक्के वापरली की एक सायकल, मग ती एका दिवसात वापरा नाहीतर आज साठ आणि उद्या चाळीस करून वापरा. बऱ्याच फोनच्या बॅटऱ्या पाचशे ते आठशे सायकलनंतर मूळच्या ८० टक्क्यांवर येतील अशा बनवलेल्या असतात. अॅपल आयफोन १५ पासून पुढे १००० सायकल सांगतं, त्याच्या आधीच्यांना ५०० होत्या. तुम्ही रोज शंभर टक्के संपवताय, म्हणजे वर्षाला साडेतीनशेच्या आसपास. आकडा तुम्हीच लावा. त्यात आपल्याकडची गरमी. खिशात फोन, वरून चार्जिंग, उन्हात बसच्या खिडकीत धरलेला, हे सगळं बॅटरीला खातं. उष्णता तिची सगळ्यात मोठी शत्रू.

तपासायचं असेल तर सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर बॅटरी हेल्थ किंवा सायकल काउंट दिसतं का बघा, नव्या फोनमध्ये बहुतेक असतं. सॅमसंग असेल तर सॅमसंग मेंबर्स अॅपमध्ये डायग्नॉस्टिक्स असतात, तिथे बॅटरीची अवस्था कळते. आयफोनला सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थमध्ये टक्के दिसतात. ८० च्या खाली असेल तर बदला, फार विचार करू नका.

---

ऐरोली_नाइटशिफ्ट

काउंटरवाले भाऊ, मस्त समजावलंत, पण मला एक वेगळी बाजू मांडायचीये. यांची बॅटरी ऑफिसने खाल्लीये असं मला वाटतंय. रोज सकाळी रबाळ्याला पोचेपर्यंत तीस टक्के जातात आणि माणूस फक्त गाणी ऐकतोय, हे बॅटरी जुनी असली तरी जास्त आहे.

दादा, तुमचं हजेरीचं अॅप आहे ना, त्याला लोकेशनची परवानगी काय दिलीये ते आधी बघा. आमच्याकडे मी एका सहकाऱ्याचा फोन घेऊन बघितला तर परवानगी होती 'नेहमी'. म्हणजे हा माणूस झोपलेला असताना पण अॅप त्याची जागा विचारतंय! ऑफिसच्या गेटवर आला की हजेरी आपोआप लागावी म्हणून ते तसं करतात. ती परवानगी 'फक्त अॅप वापरताना' अशी करा, गेटवर आल्यावर अॅप उघडा आणि हजेरी लावा, झालं. सेटिंगमध्ये बॅटरी वापर म्हणून यादी असते, कुठल्या अॅपने किती खाल्लं ते त्यात टक्क्यांनी दिसतं. आधी ती यादी बघा, मग दुकानात जा.

दुसरं नेटवर्क. ट्रेनमध्ये फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर सारखा उडी मारत असतो, आणि डब्यात गर्दी, बाहेर कधी सिग्नल आहे कधी नाही, तेव्हा फोन टॉवरला पकडायला जास्त ताकद लावतो. फाइव्हजी आणि फोरजीमध्ये सारखं वरखाली होत असेल तर अजूनच. गाणी आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा, ट्रेनमध्ये नेटवर्क फोरजीवर ठेवा, बघा फरक पडतो की नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला मनापासून बोलायचीये. ऑफिसचं अॅप, ऑफिसचा कोड, ऑफिसचे ग्रुप, रात्री अकरा वाजता 'अर्जंट' म्हणून येणारा फोटो, हे सगळं आपल्या पैशाच्या फोनवर, आपल्या पैशाच्या डेटावर, आपल्या बॅटरीवर. कंपनी लॅपटॉप देते, खुर्ची देते, पाण्याची बाटली देते नाव छापलेली, पण ज्या यंत्राशिवाय आत पाऊल टाकता येत नाही ते मात्र आपण आपलं आणायचं. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत राइट टू डिस्कनेक्टचं खासगी विधेयक मांडलं होतं, कामाचे तास संपल्यावर ऑफिसचा फोन किंवा मेल न घेण्याचा हक्क असावा म्हणून. ते कायदा झालं नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून तसा कायदा आहे. एचआरला एक साधा मेल करा की हजेरीसाठी कार्डचा पर्याय द्या. आमच्याकडे चार-पाच जणांनी मिळून मागितलं तेव्हा मिळाला, एकट्याने मागितला तर कोणी लक्ष देत नाही.

---

नेरूळची_मावशी

मी थोडी वेगळं सांगते, रागावू नका. बॅटरी बदलायच्या आधी एकच गोष्ट बघा, फोनला सिक्युरिटी अपडेट अजून येतायत का. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' किंवा सॉफ्टवेअर माहितीत शेवटच्या सिक्युरिटी पॅचची तारीख असते. ती तारीख वर्षभर जुनी असेल तर त्या फोनवर बँकेचं अॅप ठेवून मी तरी झोपू शकणार नाही. बॅटरी नवी, पण आतलं कुलूप जुनं, याचा उपयोग काय.

मी बँकेतून रिटायर झालेय, फसवणूक झालेली माणसं काउंटरला येऊन रडताना बघितलीयेत, म्हणून हे कळकळीने सांगतेय. अपडेट येत असतील तर खुशाल बॅटरी बदला, दोन वर्षं अजून आरामात जातील. अपडेट बंद झाले असतील तर दोन-अडीच हजार पण घालू नका.

आणि नवा घ्यायची वेळ आलीच तर दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगत बसतो, त्याला उलट विचारा की अपडेट किती वर्षं मिळणार. गूगलने पिक्सेल ८ पासून, २०२३ मध्ये, सात वर्षं सांगितलीयेत, सॅमसंगने एस२४ पासून, २०२४ मध्ये, सात वर्षं. स्वस्त फोनमध्ये खूपच कमी मिळतात, तिथे घासाघीस करायची ती याच मुद्द्यावर.

युरोपात तर २०२५ च्या २० जूनपासून नियमच आलाय, की विकायला येणाऱ्या फोनची बॅटरी ८०० सायकलनंतर पण ८० टक्के टिकली पाहिजे, विक्री बंद झाल्यावर निदान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. २०२७ च्या फेब्रुवारीपासून फोनसकट साध्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येण्यासारखी ठेवायला सांगितलंय, थोडे अपवाद सोडून. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या डिसेंबरमध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं, सुट्या भागांची माहिती वगैरे मिळते. युरोपसारखा दणकट नियम मात्र आपल्याकडे हवा, आणि तो मागायला ग्राहकांनी तोंड उघडलं पाहिजे. जुना मोबाईल मुलाने टाकून दिला तर आपण 'बघ किती वाया घालवतो' म्हणतो, आणि कंपनी भागच मिळू देत नाही तेव्हा गप्प बसतो, हे मला बरोबर वाटत नाही.

---

घोडबंदर_रबाळे

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी नीट सांगितलं नव्हतं. मावशी, तुमचं आधी बघितलं. पॅच दोन महिन्यांपूर्वीचा आहे आणि कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलला अजून पावणेदोन वर्षं अपडेट लिहिलीयेत, म्हणजे फोन अजून जिवंत आहे.

ऐरोलीवाले, तुमचा अंदाज बरोबर निघाला. बॅटरी वापरात एक नंबरला हजेरीचं अॅप, गाण्यांच्या अॅपच्या कितीतरी वर! परवानगी 'नेहमी' होती. बदलली. आज सकाळी रबाळ्याला उतरलो तेव्हा ऐंशीच्या वर होती. पण संध्याकाळी परत कॉल लावताना गेलाच, म्हणजे काउंटरवाल्यांचं पण खरं. बॅटरी हेल्थमध्ये 'कमी झाली' असं लिहून आलंय, टक्के देत नाहीये.

आता बॅटरी बदलायची नक्की. फक्त सर्व्हिस सेंटर की बाहेर, हे सांगा. आणि पावसाळा तोंडावर आलाय, फोन उघडला की पाणी जाईल का याची भीती आहे, कारण बसस्टॉपवर भिजणं ठरलेलंच.

---

पनवेल_एक्सप्रेस

कशाला एवढी डोकेफोड, पॉवर बँक घ्या हजार-बाराशेची, विषय संपला.

---

काउंटरवाला_नौपाडा

पनवेलवाले, प्रवासाला पॉवर बँक बरोबर आहे, पण यांचं दुखणं त्याने जात नाही. गर्दीत एका हाताने दांडा धरायचा आणि दुसऱ्या हातात फोन, वायर, पॉवर बँक, हे कोण सांभाळणार. आणि जुन्या बॅटरीला दिवसभर खिशात चार्ज करत राहायचं म्हणजे दिवसभर गरम ठेवायचं, ती अजून लवकर जाते.

दादा, सर्व्हिस सेंटर की बाहेर, तर तुमच्या फोनला अपडेट येतायत आणि कंपनीची बॅटरी मिळतेय, मग कंपनीच्या सेंटरलाच द्या. मी स्वतः बाहेरचा काउंटरवाला असून सांगतोय. बाहेर चांगले कारागीर खूप आहेत, पण बॅटरी कुठली घालतात त्यावर सगळं आहे. बाजारात अशा बॅटऱ्या सर्रास मिळतात ज्यांच्यावर क्षमता वाढवून छापलेली असते, मूळच्यापेक्षा हजार एमएएच जास्त, त्याच आकारात. ते शक्यच नाही. असं लेबल दिसलं की उठून या. आयफोनला तर अस्सल नसलेली बॅटरी घातली की सेटिंगमध्ये 'अनोळखी भाग' असा संदेश येतो, त्यामुळे तिथे पकडलं जातं. अँड्रॉइडला तसं सगळीकडे नाही.

पाण्याचं तुम्ही बरोबर विचारलंत. बहुतेक फोनचं मागचं झाकण चिकटवलेलं असतं. आम्ही ते गरम पॅडवर ठेवतो, गोंद मऊ झाला की सक्शन कपने एक कोपरा उचलतो आणि पातळ प्लास्टिकची पट्टी कडेने सावकाश फिरवतो. पट्टी जास्त आत गेली तर कॅमेऱ्याची किंवा वायरलेस चार्जिंगची आतली चपटी वायर कापली जाते, म्हणून हात हलका लागतो. मग बॅटरीखालची चिकटपट्टी ओढून काढायची, बॅटरी कधीही लोखंडी पट्टीने उचकायची नाही, वाकली किंवा टोचली गेली तर पेट घेते. शेवटी झाकण बसवताना जुना गोंद पूर्ण खरवडून नवी सील लावली तरच पाणी थोडंफार अडतं. बरेच लोक हे शेवटचं काम टाळतात, जुन्याच गोंदावर दाबून देतात, आणि पहिल्या पावसात कॅमेऱ्यात वाफ दिसते. म्हणून देतानाच विचारा, नवी सील लावणार का. आणि लावली तरी फोन उघडल्यावर तो कंपनीतून आला तेव्हासारखा पाणी अडवेल असं धरून चालू नका, पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी ठेवाच खिशात.

---

कोपरखैरणे_सेक्टर७

मधेच विचारतेय. आईचा जुना फोन कपाटात पडून आहे, आज बघितला तर मागचं झाकण एका बाजूने वर आलंय. टेबलावर उताणा ठेवला तर गोल फिरतो. हे बॅटरीचंच असणार ना? त्यात बाबांचे फोटो आहेत, एकदा चार्ज करून काढून घेऊ का?

---

काउंटरवाला_नौपाडा

ताई, चार्ज अजिबात करू नका. बॅटरी फुगलीये, आत गॅस झालाय. टेबलावर भिंगरीसारखा फिरणं ही आमची पहिली तपासणी. झाकण दाबून बसवू नका, सुईने टोचू नका, उन्हात ठेवू नका. फरशीवर, कागद-कपड्यांपासून लांब ठेवा आणि जवळच्या चांगल्या रिपेअरवाल्याकडे न्या. फोटो जाणार नाहीत, काळजी करू नका. फोटो बॅटरीत नसतात, बोर्डावरच्या चिपमध्ये असतात. फुगलेली बॅटरी काढून दुसरी लावली की फोन चालू होईल आणि मग आरामात काढून घ्या. पण फोनचा पॅटर्न किंवा पिन आईंना आठवतोय ना हे आधी विचारून ठेवा.

---

नेरूळची_मावशी

आणि ती काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. घंटागाडीत दाबली गेली की आग लागते. २०२२ मध्ये बॅटरी कचऱ्याचे वेगळे नियम आलेत, बॅटरी बनवणाऱ्या आणि आणणाऱ्या कंपन्यांवर ती परत घेऊन रिसायकल करायची जबाबदारी आहे. सर्व्हिस सेंटरला विचारा, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत ठिकाणी द्या. आमच्या सोसायटीत वर्षातून एकदा ई-कचऱ्याची गाडी येते, तुमच्याकडे सेक्रेटरींना सांगून बोलावता येईल.

---

कोपरखैरणे_सेक्टर७

खूप खूप आभार. पिन आईच्या डायरीत लिहिलेला सापडला. उद्याच नेते.

---

घोडबंदर_रबाळे

सर्व्हिस सेंटरला फोन केला. बॅटरी मागवावी लागेल म्हणाले, चार-पाच दिवस, आणि फोन सकाळी दिला तर संध्याकाळपर्यंत मिळेल. शनिवारचं ठरवलंय. शेवटचं एक, फोन त्यांच्याकडे दिवसभर राहणार, त्यात यूपीआय, बँक, घरचे फोटो. पिन मागितला तर द्यायचा का?

---

ऐरोली_नाइटशिफ्ट

पिन देऊ नका. बॅटरी बदलायला पिन लागत नाही. सॅमसंग असेल तर 'मेंटेनन्स मोड' आहे, पिक्सेलला 'रिपेअर मोड', तो चालू केला की फोन चालतो, तपासता येतो, पण तुमचे फोटो, अॅप, मेसेज काही दिसत नाहीत. परत आल्यावर तुम्हीच तो बंद करायचा. दुसऱ्या कंपनीचा असेल तर सेटिंगमध्ये शोधा, असा काही मोड आहे का. नसेल तर आदल्या दिवशी बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या आणि फोन लॉक करूनच द्या.

जॉबशीटवर, म्हणजे फोन घेतल्याच्या पावतीवर, आयएमईआय (फोनचा ओळख) नंबर आणि 'फक्त बॅटरी व सील' असं लिहून घ्या, आणि फोन परत घेताना तिथेच कॉल लावून, कॅमेरा उघडून, चार्जर लावून बघा. आणि शनिवारचा मोबाईलवरचा पास चालणार नाही बरं का, फोनच नाही म्हटल्यावर खिडकीवर तिकीट काढा.

---

घोडबंदर_रबाळे

हे पासचं लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद, शनिवारी ठाण्यातच काम आहे म्हणून रेल्वेची गरज नाही, पण ऑफिसात सांगून ठेवतो की दिवसभर फोन लागणार नाही. आणि ऐरोलीवाले, एचआरला कार्डासाठी मेल टाकलाय, आमच्या मजल्यावरच्या सहा-सात जणांना सही करायला लावलं. काय उत्तर येतं ते इथेच कळवतो.